आमच्या घरातले गेमचे नियम कसे ठरले

धाकट्याला माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांचं जग खणायचा-बांधायचा गेम हवा होता, कारण टोरांटोला त्याचा आत्येभाऊ ते खेळतो. थोरली नुकतीच अकरावीत गेली होती. तिला बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मोबाइलवरचा बंदुकीच्या लढाईचा गेम) हवं होतं, कारण मैत्रिणींच्या चौकडीत चौथी जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली होती. आम्ही नाशिकला राहतो. नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात पाळ्या असतात, त्यामुळे संध्याकाळी घरात मी आणि सासूबाई. मी दोघांनाही सांगितलं, की किती वेळ ते नंतर ठरवू. आधी तुमचा गेम मला शिकवा.

हे मुद्दाम लिहिते आहे. ओळखीतल्या बऱ्याच घरांत "रोज एक तास" हा नियम आहे आणि रोज त्या तासाच्या शेवटी रडारड आहे. तास संपतो तेव्हा गेममध्ये नेमकं काय चाललेलं असतं हे आईबाबांना माहीत नसतं, आणि भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

माइनक्राफ्टमध्ये सूर्य उगवतो आणि मावळतो. तिथला एक दिवस आपल्या घड्याळाप्रमाणे 20 मिनिटांचा. त्यातला निम्मा लख्ख उजेडाचा, मग संधिकाल, सुमारे सात मिनिटांची रात्र आणि पुन्हा पहाट. रात्री अंधारात राक्षस निघतात, म्हणून खेळणारा घरात शिरतो आणि पलंगावर झोपतो. झोपला की रात्र संपून थेट सकाळ. मी शेजारी बसून हे पाहत होते तेव्हा सुचलं, की याच्याच दिवसांत मोजलं तर? शाळेच्या दिवशी तिथले तीन दिवस, म्हणजे साधारण तास. धाकट्याने लगेच हिशेब मांडला : झोपलं की रात्रीची मिनिटं उडतात, मग आपले तीन दिवस तासापेक्षा लहान होतात. मुद्दा बरोबर होता. चार दिवस ठरले, आणि चौथ्या संध्याकाळी पलंगावर झोपून, उठल्यावर बाहेर पडायचं. आता "बस कर" असं कुणी म्हणत नाही. दिवस मावळतो तो त्यालाच दिसतो.

दुसरी गोष्ट कळली ती जेवणाच्या वेळची. गेममध्ये मेलं की जवळचं सगळं सामान जिथे मरण आलं तिथेच पडतं. ते पाच मिनिटांत उचललं नाही तर नाहीसं होतं. कितीतरी संध्याकाळी खणून मिळवलेले हिरे, त्यांची केलेली कुदळ, चिलखत, सगळं. लाव्ह्यात पडला असेल तर पाच मिनिटंही नाहीत, सामान तिथेच जळतं. अकरा वर्षांच्या मुलाला अशा वेळी "पानं घेतली आहेत, ऊठ" म्हटलं तर तो का ओरडतो हे मला तिथे कळलं. म्हणून नियम झाला : "आई, मेलो!" असं म्हटलं की पाच मिनिटं मिळतात, आणि सामान हाती येवो न येवो, सहाव्या मिनिटाला तो पानावर. ही सवलत तो खोटं सांगून वापरेल अशी शंका नवऱ्याला होती. पण पडदा मला वाचता येतो हे मुलाला माहीत आहे, आणि आजवर तसं झालेलं नाही.

बीजीएमआयला हा हिशेब लागूच होत नाही. शंभर जण एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जातं आणि शेवटी उरेल तो जिंकतो. शेवटपर्यंत टिकलं तर सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. तो मध्येच थांबवता येत नाही. एकीने उठून जायचं म्हणजे बाकीच्या तिघींना तोंडघशी पाडायचं. अशा गेमला मिनिटांचा नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं. थोरलीशी ठरलं ते सामन्यांत : शनिवार-रविवारी तीन सामने, लवकर हरली तरी तीनच, आणि रात्री साडेनऊनंतर नवीन सामना सुरू करायचा नाही. चालू असलेला पूर्ण करायला हरकत नाही.

अठरा वर्षांखालच्या खेळाडूसाठी हा गेम पालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतो आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा घालतो. कित्येक मुलं वय वाढवून टाकतात आणि हा प्रश्नच मिटवतात. लेकीने खरं वय टाकलं आणि ओटीपी मागायला माझ्याकडे आली, याचं मला फार कौतुक आहे. पण तीन तास ही गेमची मर्यादा झाली, घराची नव्हे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

तिच्या बाबतीत मला वेळेपेक्षा आवाजाची काळजी जास्त होती. सामन्यात माइक "सर्वांसाठी" ठेवला तर आसपासचे अनोळखी खेळाडूही ऐकू शकतात. मुलीचा आवाज आला की काय काय बोललं जातं हे तिच्या मैत्रिणीनेच सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. आता माइक आणि स्पीकर दोन्ही फक्त "टीम"वर असतात, आणि चौघी पूर्ण जमल्याशिवाय खेळायचं नाही, कारण जागा रिकामी असली की तिथे अनोळखी माणूस येऊन बसू शकतो. ही दुसरी अट तिने स्वतः घातली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो खात्यांनी. टोरांटोचा भाऊ निन्टेंडो स्विच या हातात धरायच्या गेमयंत्रावर खेळतो, आमच्याकडे अँड्रॉइड टॅब्लेट. दोन्हीकडे माइनक्राफ्टची बेडरॉक नावाची आवृत्ती असल्याने दोघं एका जगात भेटू शकतात. संगणकावरची जावा आवृत्ती वेगळी, तिच्यातून स्विचवाल्याला भेटता येत नाही. विकत घेण्याआधी हे विचारून घ्या. आधी फॅमिली लिंक या गुगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून गुगलचं मुलाचं खातं केलं, मग मायक्रोसॉफ्टचं, तेही खऱ्या जन्मतारखेने आणि आमच्या कुटुंबाच्या गटात. शनिवारी संध्याकाळी भाऊ तिकडे वाट बघत बसला, आणि इकडे पडद्यावर संदेश आला की या खात्याला इतरांसोबत खेळण्याची परवानगी नाही.

ही परवानगी गेममध्ये कुठेच सापडत नाही. ती एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमयंत्राच्या वेबसाइटवर, खाजगीपणाच्या पानावर असते, घरात एक्सबॉक्स नसला तरी. पालकाने स्वतःच्या खात्याने तिथे जायचं, मुलाचं नाव निवडायचं आणि एकेक ओळ वाचायची : इतरांसोबत ऑनलाइन खेळता येईल का, मित्र जोडता येतील का, कोण त्याच्याशी बोलू शकेल. पहिल्या दोन्हींना मी हो म्हटलं. बोलण्यापुढे "फक्त मित्र" निवडलं आणि मित्रांच्या यादीत फक्त आत्येभाऊ घेतला. त्यानंतर टॅब्लेटवर खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, नाहीतर जुनाच संदेश दिसत राहतो. कंटाळवाणं काम आहे, पण या कुलपाची किल्ली पालकाकडे ठेवली आहे हे मला पटतं. कृपया मोठ्या माणसाचं खातं देऊन हा रस्ता टाळू नका.

आत्याने तिकडून रेल्म घेतलं. रेल्म म्हणजे महिन्याच्या वर्गणीवर कंपनीच्या सर्व्हरवर राहणारं जग, तिने बोलावलेल्यांनाच आत प्रवेश. साध्या पद्धतीत ज्याचं जग तो खेळत असेल तेव्हाच दुसऱ्याला शिरता येतं. रेल्ममध्ये भाऊ झोपलेला असला तरी धाकटा जाऊन पुलाचं काम पुढे नेतो. साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर असलेल्या दोन शहरांतल्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. माइनक्राफ्ट एकदाच विकत घ्यावं लागतं, पण आतल्या बाजारात सजावटीसाठी माइनकॉइन ही पैसे देऊन घ्यायची नाणी लागतात. फॅमिली लिंकमध्ये प्रत्येक खरेदीला माझी मंजुरी लावून ठेवली आहे. नाणी घेताना मला विचारलं जातं, नाणी खर्च करताना नाही, म्हणून एका वेळी लहानच रक्कम घेतो. थोरलीच्या गेममधल्या बंदुकीच्या रंगांना आणि कपड्यांना तिच्या खाऊच्या पैशांतूनच, आणि तेही आधी सांगून.

सासूबाईंचा विरोध मनापासूनचा होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत कायदा झाला तेव्हा त्यांनी बातम्यांत "गेमवर बंदी" ऐकलं आणि मुलांना बंद करायला सांगितलं. मी त्यांच्यासोबत बसून बातमी वाचली. बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर, ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे गेम, त्या कायद्याने वेगळे ठेवले आहेत. मग त्यांनी विचारलं, "पण नाद लागला हे ओळखायचं कसं?" जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या ताज्या आवृत्तीत गेमिंगचा विकार आहे, ती आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात : खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडत जातात, आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढत जातो. हे साधारण वर्षभर चाललं आणि त्याने शाळा, घर, नाती बिघडली तर तो विकार. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत त्यासाठी वेगळं क्लिनिकही आहे. सासूबाईंनी त्यातली मधली गोष्ट पकडली. आता त्या मिनिटं मोजत नाहीत. धाकटा संध्याकाळी खाली क्रिकेटला उतरला का, थोरली तबल्याला बसली का, एवढंच पाहतात. एखाद्या आठवड्यात तसं झालं नाही तर मला सांगतात, आणि आम्ही मुलांशी बोलतो. माझ्या मते घरातली सर्वांत अचूक नजर त्यांचीच आहे.

सध्या दोन गोष्टी बाकी आहेत. सहामाहीच्या काळात शाळेच्या दिवशी गेम पूर्ण बंद ठेवायचा की गेममधला एक दिवस चालू द्यायचा, यावर धाकट्याने म्हणणं लिहून आणायचं आहे. आणि नोव्हेंबरमध्ये टोरांटोची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. भावाला शनिवारी इतक्या लवकर उठायचं नाही, म्हणून आमच्याकडची वेळ आठवर न्यायची का, आणि मग जेवण आधी की नंतर, हे आत्याशी फोनवर बोलून ठरवायचं आहे.