तुम्ही विचारलंत म्हणून: पाकीट कशाला ठेवता?

"तिकीट हवंय ना? मग ते काढून घ्या, पाकीट कशाला ठेवता?" माझं कपाट उघडं दिसलं की प्रत्येकजण हे विचारतो. उत्तर देऊन दमलो. आता एकदाच नीट लिहितो.

मी जुन्या वास्तूंची चित्रं असलेली टपाल तिकिटं जमवतो, आणि पत्राच्या पाकिटावर असतील तर पाकिटासकट ठेवतो. १५ ऑगस्ट १९४९ची पुरातत्त्व मालिका सगळ्यात जवळची. सोळा तिकिटं, नाशिकरोडला छापलेली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, तिथून चढत चढत पंधरा रुपयांवर पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर. त्यातल्या एक आण्यावर बोधिसत्त्व आहे. तो आधी उलटा, आरशात दिसावा तसा छापला गेला आणि १९५०मध्ये सुलटा करून पुन्हा निघाला. एखाद्या गावात उलटं तिकीट किती दिवस चालत राहिलं, हे सुटं तिकीट कसं सांगणार? ते शिक्क्यावरची तारीख सांगते, आणि अर्धा शिक्का पाकिटावर असतो.

लोकांना मी हेच कारण देतो. खोटं नाही ते. पण पाकिटं ठेवायला लागलो ते यासाठी नाही.

माझे आजोबा विजापूरला नोकरीला होते. एक पत्र वाटेत हरवल्यापासून ते आजीला रजिस्टरनंच पत्र पाठवायचे, आणि त्यावर सहा आण्यांचं, गोलघुमटाचं तिकीट असायचं. ज्या घुमटावरून ते रोज कामाला जात, तोच. अशी सतरा पाकिटं आजीच्या ट्रंकेत होती. मी अकरा वर्षांचा असताना, एका दुपारी ती निजलेली बघून, सगळी बाहेर काढली. कोपरे कापले, परातीत कोमट पाणी घेऊन भिजत घातले. गोंद सुटला तशी तिकिटं टीपकागदावर पालथी ठेवली. एकही फाटलं नाही. पत्रं सुतळीनं बांधून परत ट्रंकेत ठेवली. तेवढी काळजी घेतली होती, हे आजही सांगावंसं वाटतं. उरलेली पाकिटं बंबात घातली.

संध्याकाळी मी आजीला वही दाखवली. तिनं तिकिटांकडे पाहिलं, मग ट्रंकेपाशी जाऊन सुतळी सोडली. बराच वेळ पत्रं खालीवर करत होती. मग मला म्हणाली, "बाळा, यातलं पहिलं कुठलं रे?"

आजोबा पत्रावर तारीख घालत नसत, नुसता वार लिहीत. आजी लग्नानंतर लिहायला शिकलेली. प्रत्येक पाकिटाच्या मागे ती पेन्सिलीनं लिहायची: अमुक तिथीला पोचलं, उत्तर धाडलं. तिच्या हातचं घरात दुसरं काही नव्हतं. ती रागावली नाही. पुढे कधी विषयही काढला नाही.

तेव्हा सगळे हेच शिकवायचे: भिजवा, सोडवा, वाळवा, चिकटवा. मी वेगळं काही केलं नाही. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय! पण तिला विचारलं नाही, ते तर मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तरीही, त्या मुलाचं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही. त्याला घुमट बघायचा होता. शिक्क्याची काळी रेघ घुमटाच्या गोलाईवरून गेली की मला आजही टोचतं. कोरं तिकीट भिंगाखाली धरल्यावर जे दिसतं, ते पाकिटावरच्या तिकिटात दिसत नाही. म्हणून कोरीही घेतो. कुठलं खरं, ते मला ठरवता आलेलं नाही.

ती सतरा जांभळी तिकिटं वेगळी ठेवली आहेत. बहुतेकांवर शिक्क्याचा नुसता तुकडा आहे. दोनांवर महिना वाचता येतो. त्यातलं एक मे महिन्याचं. एका पत्रात आजोबांनी लिहिलंय की काल वळवाचा पाऊस झाला, छप्पर गळलं. ते पत्र या तिकिटाचं असावं असं धरून दोन्ही एकत्र ठेवली आहेत. दुसरं तिकीट नोव्हेंबरचं आहे. त्याचं पत्र अजून शोधतोय.