आमची वाटचाल : ‘वाढ नाही’

जनावरांचे आजार तपासणाऱ्या आमच्या लॅबला बारा वर्षं झाली. त्यातल्या अकरा वर्षांत नमुने आले, रिपोर्ट गेले, थकलेली बिलं कधीतरी वसूल झाली. लिहायचंय ते पाचव्या वर्षाबद्दल.

सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघंच. एक सेंट्रिफ्यूज, वापरलेला एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मोजणारी चाचणी) रीडर आणि एक आठ टोकांचं पिपेट, ज्याचं तिसरं टोक कायम कमी ओढायचं. प्रत्येक प्लेटला तेवढी एक ओळ हाताने भरायची. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून त्यातली प्रथिनं जोखणारं उपकरण, मात्र नवा घेतला होता, आजही तोच वापरते. सीरमचा (रक्तातल्या पातळ द्रवाचा) थेंब काचेवर ठेवायचा, झाकण पाडायचं, उजेडाकडे धरायचं. रेषा साधारण 8.4 ब्रिक्सच्या (त्या उपकरणाच्या मोजपट्टीच्या) वर दिसली की समजायचं, चीक वेळेत पोटात गेलाय. गाईच्या वारेतून अँटीबॉडी वासरात उतरत नाहीत आणि पहिल्या 24 तासांत आतडं दार लावून घेतं, हे तुम्हा पशुवैद्यांना मी काय सांगू.

तर पाचवं वर्ष. एका गोठ्यात दोन महिन्यांच्या आतली वासरं खोकत होती. आम्ही रीतसर जोडनमुने घेतले, म्हणजे त्याच वासरांचं रक्त दोनदा, तीन आठवड्यांच्या अंतराने. दुसऱ्यात टायटर, म्हणजे अँटीबॉडींची पातळी, चढायच्या ऐवजी उतरलेलं. मी लिहिलं, ‘बीआरएसव्ही (वासरांच्या फुप्फुसांचा विषाणू) : वाढ नाही, संसर्गाचा पुरावा नाही’, आणि सही केली. दोन वासरं गेली. दुसऱ्या एका लॅबने त्याच गोठ्यातल्या ताज्या तापाच्या वासराचा नाकातला स्वॅब पीसीआरला (थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) लावला, पॉझिटिव्ह. तो कागद घेऊन त्या लॅबवाले दारोदार फिरले. ‘त्यांना एलायझा लावता येत नाही’, असं सांगत. तीन महिन्यांत निम्मे डॉक्टर तुटले. भागीदारही तिकडेच गेला, गिऱ्हाइकांच्या वहीसकट.

एलायझा बरोबरच लागला होता, हे मी आजही ठासून सांगते. चुकले ते अर्थ लावण्यात. चिकातून आलेल्या अँटीबॉडी दर तीनेक आठवड्यांनी निम्म्या होतात. त्या असेपर्यंत विषाणू नाकातून फुप्फुसात शिरू शकतो, पण वासराच्या स्वतःच्या बी-पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, दबून राहतात. त्यामुळे आजारी वासराचं टायटरही निरोगी वासरासारखंच उतरत जातं. आत मात्र धुमश्चक्री चाललेली असते. विषाणूला रोखणारे इंटरफेरॉन सुटतात, बारीक श्वासनलिका न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींनी तुंबतात, सीडी8 टी-पेशी बाधित पेशी हुडकून मारतात. प्रयोगात या सीडी8 पेशी काढून टाकलेल्या वासरांच्या अंगात विषाणू जास्त दिवस टिकला होता. यातलं काहीही सीरमच्या प्लेटवर उमटत नाही. हे सगळं शिकलेली होते मी. सही करताना आठवलं नाही.

त्या दिवसांत एकच म्हातारे डॉक्टर टिकले. एका सकाळी बर्फाच्या डब्यात फुप्फुस घेऊन आले आणि टेबलावर ट्रेमध्ये ठेवलं. पुढचे, खालचे भाग जांभळट, यकृतासारखे घट्ट. तुकडा पाण्यात टाकला, तळाला गेला. मागचे भाग फुगलेले, बोटाखाली हवेचे बुडबुडे करकरत होते. म्हणाले, “बाई, याला काही झालं नव्हतं?”

मी गप्प. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतरही त्यांनी एक नमुना दुसरीकडे पाठवला नाही. उलट आम्ही पीसीआर घेतलं तेव्हा पहिले चाळीस स्वॅब त्यांचेच होते.

आता विचारलं नाहीत तरी सांगते. दहा दिवस खोकणाऱ्या वासराचा स्वॅब पाठवू नका. तोवर विषाणू बहुधा आटोपलेला असतो आणि हाती लागतो मॅनहायमिया नाहीतर पाश्चुरेला, मागून शिरलेले जिवाणू. आज ताप चढलाय पण अजून चारा खातंय, त्याला धरा. स्वॅब खोल घाला, नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून काही मिळत नाही. आणि लहान वासराला नाकातली लस दिल्यावर रक्तात टायटर चढलं नाही म्हणून कंपनीशी भांडू नका, तिचं काम मुख्यतः नाकाच्या अस्तरात चालतं.

ती दुसरी लॅब अजून आहे, जोरात आहे. गेल्या महिन्यात एक तरुण डॉक्टर त्यांचा रिपोर्ट घेऊन आला. जोडनमुने, वाढ नाही, संसर्गाचा पुरावा नाही. खाली सही माझ्या जुन्या भागीदाराची.

मी फक्त वासराचं वय विचारलं. सात आठवडे.