एवढी अंडी कशाला?

निसर्गविज्ञान संग्रहालयात लोकांना जे दिसतं ते बहुतेक ठिकाणी एकूण संग्रहाच्या एक टक्काही नसतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे सुमारे ८ कोटी नमुने आहेत. ते सगळे मांडायला कुठल्या भिंती पुरणार? आमचं संग्रहालय त्यापुढे चिमुकलं, पण तऱ्हा तीच. डायनासोरचे सांगाडे आणि पेंढा भरलेले प्राणी बाहेर, बाकी सगळं आत पोलादी कपाटांत. त्यातली पक्ष्यांची कपाटं माझ्याकडे आहेत.

अधूनमधून आम्ही लोकांना छोट्या गटांत आत नेतो. फेरीचा क्रम ठरलेला असतो: आधी काहीतरी अवाढव्य, मग काहीतरी रंगीबेरंगी, शेवटी एखादा नामशेष झालेला पक्षी. लोक खूश होतात, फोटो काढतात. मला स्वतःला हा क्रम कधीच फारसा आवडला नाही. संग्रहात खरं काय चालतं ते त्यातून कळत नाही.

त्या दिवशीच्या गटात एक निवृत्तीच्या वयाचे गृहस्थ होते. मी चर्मनमुन्यांचा, म्हणजे कातडं जपून कापूस भरलेल्या पक्ष्यांचा खण ओढला. एकाच जातीचे पक्षी, पोटात कापूस, पाठीवर झोपवलेले, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. हात लावू नका, जुन्या कातड्यांना सोमल हे विष चोळलेलं असतं, हे माझं नेहमीचं वाक्य सांगून होतंय तोच ते म्हणाले, “एकाच जातीचे एवढे? एक पुरला नसता?”

नर, मादी, पिल्लू, ऋतू, प्रदेश, यांप्रमाणे फरक पडतो, वगैरे मी सांगितलं.

“फोटो काढायचे की मग. बाई, ही शिकारच आहे. फक्त नीट रचून ठेवलेली.”

गट गप्प झाला. खरं तर माझ्याकडे काजळीचं उदाहरण तयार होतं. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी संग्रहालयांतल्या हजाराहून अधिक पक्ष्यांच्या पिसांवरची काजळी मोजून १३५ वर्षांतल्या कोळशाच्या धुराचा आलेख काढला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. पण ते सांगितलं असतं तर माणूस तोंडदेखलं ‘हो हो’ म्हणून पुढे गेला असता. मी खण बंद केला आणि फेरीत नसलेलं कपाट उघडलं: अंड्यांचं.

अंड्यांचा संग्रह तर त्याहून बदनाम. जुन्या काळी हा हौशी लोकांचा छंद होता. घरट्यातली सगळीच्या सगळी अंडी उचलायची, बारीक भोक पाडून आतला ऐवज काढून टाकायचा आणि कवचं कापसात ठेवायची. यातल्या पुष्कळांना विज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं. पण तारीख, ठिकाण आणि घरट्यात किती अंडी होती, हे ते इमानदारीने लिहून ठेवत. आज अनेक देशांत हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

बहिरी ससाण्याची दोन अंडी मी तराजूजवळ आणली. एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, दुसरं १९५० नंतरचं. दिसायला दोन्ही सारखीच, तांबूस-विटकरी. गटात शाळकरी वयाची एक मुलगी होती, तिला म्हटलं, तू आकडे वाच आणि हिशेब कर. कवचाचं वजन मिलिग्रॅममध्ये घ्यायचं आणि त्याला मिलिमीटरमधल्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचं. अंडं मीच धरलं, ते कुणाच्या हातात देत नाही. पहिल्याचा आकडा दोनाच्या थोडा खाली आला, दुसऱ्याचा दीडच्या आसपास. तिने दुसरा हिशेब पुन्हा करून पाहिला.

“हे पातळ आहे?”

हो, पातळ आहे. ब्रिटनमधले पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांना बहिरी ससाण्याच्या घरट्यांत फुटलेली अंडी वारंवार सापडत होती. त्यांनी जुने संग्रह धुंडाळून हाच हिशेब केला आणि १९६७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापला. कवचं १९४७च्या सुमारास एकाएकी हलकी झाली होती, जवळजवळ पाचव्या हिश्शाने. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक शेतीत आलं तो हाच काळ. पक्ष्याच्या शरीरात त्याचं डीडीई हे दुसरं रसायन होतं आणि कवच बनताना कॅल्शियम पुरेसं पोचत नाही. मग आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटतं. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीच्या जवळपास सगळ्या वापरावर बंदी घातली, त्यामागच्या पुराव्यांत पातळ कवचांचाही वाटा होता. घरट्यातलं एकच अंडं पाहून हे कुणाला कळलं नसतं. फोटोचं तर वजनच करता येत नाही.

मला वाटलं, गृहस्थांचा प्रश्न मिटला. पण त्यांनी त्याहून अवघड विचारलं. “आणि आता? आजची अंडी कोण ठेवतंय?”

इथे मला जरा थांबावं लागलं. कारण खरं उत्तर असं की, फारसं कुणी नाही. आता आम्हाला मिळतात ती न उबलेली, घरट्यात मागे राहिलेली अंडी, आणि काचेवर आपटून किंवा गाडीखाली येऊन मेलेले पक्षी. घरट्यांवर डल्ला मारणं थांबलं हे चांगलंच झालं, पण माझ्या कपाटांत अलीकडचे खण रिकामे आहेत. उद्या एखादं नवं रसायन असाच घोळ घालू लागलं, तर तुलनेला आजचं कवच कुठून आणणार? वरिष्ठांपुढे मी हा मुद्दा अनेकदा मांडला आहे. प्रदर्शनाला पैसे मिळतात, रिकाम्या खणाला मिळत नाहीत.

हे सगळं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, जे मार्गदर्शकाने सांगू नये असं मानतात. त्यांचं मत बदललं असं मुळीच नाही. “मारलेले ते मारलेलेच,” असं ते म्हणाले, आणि लगेच विचारलं, त्यांच्या जिन्याच्या काचेवर पक्षी आपटून मरतात, ते चालतील का?

आधी आम्हाला फोन करा, म्हटलं, कारण काही जातींचा मेलेला पक्षी उचलायलाही परवानगी लागते. आम्ही हो म्हटलं तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि आत चिठ्ठी टाका: तारीख, ठिकाण. पेन्सिलने लिहा, शाई फुटते. जात ओळखता आली नाही तरी चालेल, ते आमचं काम.

त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे हे सगळं लिहून घेतलं. एव्हाना फेरी लांबली होती आणि पुढचा गट दारात ताटकळत होता. नामशेष पक्ष्याचा खण त्या दिवशी उघडलाच नाही. आता माझ्या फेरीत अंड्यांचं कपाट पहिलं येतं, आणि तराजू आधीच टेबलावर मांडलेला असतो.