तुम्ही विचारलंत म्हणून: पकडीनंतरचे तीन-चार सेकंद

नागपुरात रग्बी लीगचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कधी असते ही लीग? संघ किती?" आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे लीग म्हणजे स्पर्धा हे डोक्यात पक्कं बसलंय. इथे मात्र लीग हे खेळाचंच नाव आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेतली आणि ते मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले. सामन्यापायी कामगार खेळाडूंची मजुरी बुडायची, ती भरून द्यायला मूळ संघटनेची ना होती. पुढे नियमही वेगळे होत गेले. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले. ऑलिंपिकमध्ये सात-सात जणांचं रग्बी दिसतं, ते दुसऱ्या घराण्याचं, म्हणजे मूळ संघटनेच्या रग्बी युनियनचं.

दुसरा प्रश्न कबड्डीवाल्या मुलांच्या पालकांचा आणि क्रीडाशिक्षकांचा: "आमच्या पोराची पकड जबरदस्त आहे, त्याला कुठे खेळवाल?"

त्याचं उत्तर पकडीनंतर काय होतं त्यात आहे. कबड्डीत पकड पक्की झाली की चढाई संपली. लीगमध्ये पकड झाली की फक्त एक आकडा पुढे सरकतो. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल, म्हणजे सहा पकडी, मिळतात, सहाव्यांदा पकडलं की चेंडू तिथेच समोरच्यांना द्यायचा. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा किक मारतात, म्हणजे चेंडू गेलाच तरी लांब जाऊन पडतो. 'डू ऑर डाय' चढाई खेळलेल्या मुलाला हे दबावाचं गणित लगेच कळतं.

पकडलेल्या खेळाडूला सोडल्यावर त्याने पटकन उठायचं, तोंड समोरच्यांच्या गोलरेषेकडे करायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो. बचाव करणाऱ्यांचे जास्तीत जास्त दोन जण, म्हणजे मार्कर, समोर उभे राहू शकतात, तेही एकामागे एक, सरळ. बाकी सगळ्यांनी दहा मीटर मागे जायचं. सामना जिंकतात किंवा हरतात तो इथेच. उठणारा घाईत अर्धवट वळलेला असतो, चेंडू पायाला न लागता बाजूला घरंगळतो आणि ताबा जातो. मार्कर तिरका उभा राहतो आणि पेनल्टी बसते. आणि कबड्डीच्या मुलाची हमखास चूक म्हणजे पकडलेल्याला न सोडणं. ती सवय तिथे सोन्यासारखी, इथे तीच महागात पडते: पेनल्टी, नाहीतर २०२० पासून मोठ्या स्पर्धांमध्ये समोरच्यांना नव्याने सहा टॅकल.

पकडीची पद्धतही बदलावी लागते. घोटा धरून लोंबकळलं तर चढाईपटू थांबेल, पण रग्बीत पडता पडता तो चेंडू साथीदाराला देऊन टाकतो. खांदा त्याच्या पोटा-मांडीच्या मध्ये, दोन्ही हातांचा विळखा आणि पाय चालते ठेवायचे. डोकं नेहमी त्याच्या अंगाच्या बाजूला. धावणाऱ्याच्या समोर डोकं आडवं आलं तर गुडघा थेट कानशिलावर बसतो. इतर काही शिकवण्याआधी हे शिकवा, आणि गुडघ्यावर बसवून, अगदी सावकाश शिकवा. मानेला किंवा डोक्याला हात लागला की पेनल्टी.

आता जागा. पाठीवरचा नंबर म्हणजेच काम. ८ आणि १० प्रॉप, सगळ्यात दणकट. पहिल्या एक-दोन टॅकलला तेच चेंडू घेऊन भिंतीवर आदळतात. ९ हूकर, बहुतेक वेळा डमी हाफ हाच. दर टॅकलनंतर चेंडू त्याच्या हातात येतो, म्हणून दम आणि डोकं दोन्ही हवं. आमच्या मते संघ बांधायची सुरुवात या नंबरापासून करावी. ११, १२ सेकंड रो, प्रॉपच्या बाहेरच्या बाजूला धावणारे आणि पकडणारे. १३ लूज फॉरवर्ड, जो मधल्या पट्ट्यात न थकता पकडी करतो. ६ आणि ७ खेळ चालवतात, किकही त्यांचीच. ३, ४ सेंटर, २, ५ विंग, म्हणजे दोन्ही कडांना धावणारे. १ फुलबॅक सर्वांत मागे, उंच किक झेलतो आणि ओरडून बचावाच्या जागा भरतो.

चांगली पकड असलेला, अंगाने मध्यम मुलगा आधी १३ किंवा १२ वर घाला. चढाईत चपळ असेल तर ९.

गुण थोडक्यात: समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ४ गुण. त्यानंतर गोलखांबांमधून मारलेली किक २, तशीच पेनल्टी किक २, ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच खांबांमधून मारलेली किक) १. हाताने चेंडू पुढे देता येत नाही, पायाने देता येतो. सामना ८० मिनिटांचा.

नागपूरच्या काळ्या मातीचं मात्र भान ठेवा. मे महिन्यात ती तडकून दगडासारखी होते, तेव्हा पाडापाडी नकोच, नाहीतर गाद्या अंथरा. पावसाळ्यात ती बुटांना गोळ्यासारखी चिकटते आणि मागे जाणारे दहा मीटरऐवजी सातावरच थांबतात. तेव्हा फक्कीने दहा मीटर अंतरावर दोन रेषा मारा. एका रेषेवर चेंडूवाला, दोन मार्कर आणि डमी हाफ, दुसरीवर तिघे बचावाला. चेंडू पायाने मागे सरकला की तिघांनी पुढे यायचं, त्याआधी नाही. पकड झाली की सगळे परत रेषेमागे. सहा वेळा झालं की बाजू बदला.