तेरा महिन्यांचं वर्ष

मोबाईल कंपन्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं. २८ दिवसांचा एक रिचार्ज, असे वर्षाला १३, गुणाकार केला की ३६४. आपल्या पंचांगात अधिक महिना येतो तो तिसऱ्या वर्षी, आणि त्यात निदान जावयाला तरी अनारसे मिळतात, कंपन्यांचा धोंड्याचा महिना दरवर्षी न चुकता येतो आणि वाण आपणच द्यायचं. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, सगळ्यांना सांगितलं की बाबांनो निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवा, तर त्यांनी ठेवले, ठेवले नाहीत असं नाही, पण अ‍ॅप उघडलं की वर ठळक अक्षरात २८, ५६, ८४ हेच, आणि ते ३० दिवसवालं खाली कुठेतरी लपलेलं, अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करा मग दर्शन.

तरी मी वर्षानुवर्षं एकाच कंपनीत होतो. कुठली ते सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. कंटाळा हे खरं कारण. बँक, गॅस, शाळेचा ग्रुप सगळं त्या नंबरवर, कोण हलवणार ते. मग जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ भाव वाढवले, जिओ आणि एअरटेलचे ३ तारखेला, व्हीआयचे (म्हणजे व्होडाफोन आयडिया) ४ ला. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला, एअरटेलचा २६५ चा २९९, व्हीआयचा २६९ चा २९९. म्हणजे निघाले वेगवेगळ्या गावाहून आणि भेटले एकाच नाक्यावर. नाशकात अंबडला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये तो आठवडाभर दुसरा विषयच नव्हता, एरवी गंगापूर धरण किती टक्के भरलं यावर चर्चा चालते ती पण मागे पडली. एकाने तिथंच मोबाईलवर हिशोब मांडला, २९९ गुणिले १३ म्हणजे ३८८७, घरात चार मोबाईल नंबर असतील तर साडेपंधरा हजार. आमच्या घरात चारच आहेत. मी, बायको, नाना आणि आई.

आता यात नाना म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. रोजचा दीड जीबी रात्री बाराला संपतो, उरलेला उद्यासाठी ठेवता येत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं (बहुतेक मीच) तेव्हापासून त्यांना झोप नाही. पैसे भरलेत ना, मग वापरायचं. रात्री साडेदहाला बघतात किती उरलंय, एक जीबी उरलेलं असलं की मग आधी कीर्तन, मग कुठल्यातरी गावचं बैलांचं प्रदर्शन, आणि पावसाळा असेल तर गोदावरीचे पुराचे व्हिडिओ, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय, गुडघ्यापर्यंत का छातीपर्यंत. मी म्हणलं नाना घरात वायफाय आहे, ते लावून बघा, तर म्हणे वायफायचं कशाला वापरू, ते काय संपत नाही.

आणि आईचा फोन कीपॅडचा. त्यात नेट चालतच नाही, पण सगळ्यात स्वस्त रिचार्जलाही थोडा डेटा चिकटवलेलाच, तो यायचा आणि जसाच्या तसा परत जायचा. तिला हे कळलं तेव्हा तिने विचारलं, ते जीबी मी वापरत नाही तर तुझ्याकडे वळते नाही का करता येत? पोस्टात आरडीची एजंट होती ती, तिच्या डोक्यात सगळं असंच चालतं. मला काही उत्तर सुचलं नाही कारण प्रश्न बरोबर होता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला लावले, जानेवारीत ते आले, ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास. तेच २९९ चं तीनदा मारलं तर ८९७ होतात. सरळ निम्मे. आईचा प्रश्न कुणीतरी दिल्लीत पण विचारला असणार.

माझं म्हणाल तर घरी वायफाय, कंपनीत वायफाय, मध्ये पाथर्डी फाटा ते अंबड एवढा रस्ता, तो पण गाडीवर. त्यात मी रोज दीड जीबी कुठे घालवू? महिन्याअखेरीला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर वायफायशिवाय वापरलेला डेटा दोन-तीन जीबीच्या पुढे जात नव्हता, पूर्ण महिन्याचा. ५जी आहे फोनमध्ये, २०२२ च्या ऑक्टोबरपासून देशात आहे, चांगली गोष्ट आहे, पण भाववाढीनंतर ते अनलिमिटेड ५जी पाहिजे तर रोज दोन जीबीवाला आणखी महाग प्लॅन घ्या. म्हणजे जे कमी वापरतोय ते अजून जोरात वापरायला अजून पैसे.

म्हणून ठरवलं, स्वस्तवाल्याकडे जायचं.

आमच्या पिढीला कंपनी बदलणं म्हणजे काय हे अजून पूर्ण पचलेलं नाहीये असं मला वाटतं. आधी कंपनी बदलली की नंबर बदलायचा आणि नंबर बदलला की माणूसच बदलल्यासारखा, सगळ्यांना मेसेज पाठवा, नवीन नंबर सेव्ह करा, आणि मग पण मामा जुन्याच नंबरवर लावणार आणि लग्नात बोलून दाखवणार. नुसत्या सुरुवातीच्या आकड्यांवरून माणूस कळायचा. ९८२२० वाला म्हणजे मोबाईल महाग होता तेव्हाचा, बहुतेक बिल्डर नाहीतर डॉक्टर. ९४२२ वाला म्हणजे मास्तर, सरकारी नोकर, द्राक्षवाला बागायतदार. नानांचा नंबर ९४२२ चा, म्हणजे बीएसएनएलचा, अर्ज भरून, नंबर लागायची वाट बघून घेतलेला, त्यामुळे सिम मिळालं त्या दिवशी घरात पेढे आले होते, खोटं नाही सांगत. आणि त्यांना तेव्हाचे भाव तोंडपाठ. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, कलकत्त्याहून बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला, तेव्हा मिनिटाला १६-१७ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचे पण पैसे पडायचे, ते मे २००३ मध्ये बंद झाले. तोपर्यंत फोन वाजला की लोक नंबर बघून कट करायचे आणि एसटीडी बूथवर जाऊन उलटा लावायचे. मिस कॉल नावाची अख्खी भाषा त्यातून तयार झाली, एक म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आणला आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ फुकट आलं, मग तर कॉलला पैसे लागतात हे आमची मुलगी मानायलाच तयार नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. तेव्हापासून नंबर आपला झाला, कंपनी भाडेकरू. नानांचा ९४२२ मीच मागे डेटासाठी दुसरीकडे नेला, आता त्यावरून कुणी ओळखूच शकत नाही ते कुठले, त्याचं त्यांना अजून थोडं वाईट वाटतं.

प्रोसिजर काही नाही. मेसेजमध्ये इंग्रजीत PORT लिहायचं, एक जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० ला पाठवायचं. आठ अक्षरांचा कोड येतो, चार दिवस चालतो. त्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं पाहिजे, बस. पूर्वी यात पण गंमत होती, अगदी स्वस्त प्लॅनवाल्यांना एसएमएसच नसायचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराची किल्ली महाग प्लॅनमध्ये. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सांगितलं की प्लॅन कुठलाही असो हा मेसेज गेलाच पाहिजे.

कोड घेऊन एम. जी. रोडला एका गाळ्यात गेलो. गाळा एवढा की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि मालक आत. पोराने आधार नंबर घेतला, चष्मा काढायला लावला, मागे पांढरी भिंत नाही म्हणून शेजारच्या कव्हरवाल्याकडून थर्माकोल आणला आणि म्हणाला दादा, कॅमेऱ्यात बघा आणि डोळे मिचकवा. भर एम. जी. रोडवर थर्माकोलसमोर उभं राहून मी डोळे मिचकवले, दोन कॉलेजच्या पोरी हसत गेल्या, चालायचंच.

खरी मजा त्यानंतर. इतक्या वर्षांत माझी कधी विचारपूस न केलेल्या जुन्या कंपनीला एकदम माझा पुळका आला.

"सर, आप हमें छोड़के क्यों जा रहे हैं?"

"मराठीत बोला की मॅडम."

"हो सर. सर तुम्हाला नेटवर्कचा काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही."

"मग कस्टमर केअरबद्दल काही तक्रार?"

"नाही हो. महाग पडतं."

थोडी शांतता, कीबोर्डचा आवाज, मग म्हणाली सर, मी तुमच्यासाठी स्पेशल ऑफर बघते, याच पैशात तुम्हाला रोज अर्धा जीबी जास्त देते. मी म्हणलं ताई, मला जास्त नको, कमी पाहिजे, डेटा कमी करा आणि पैसे कमी करा. तिच्याकडे असा पर्यायच नव्हता. बिचारीने परत विचारलं, मग सर दोन महिने एक सिनेमाचं अ‍ॅप फ्री लावून देऊ का? पोरगी गोड बोलत होती, तिची काय चूक, तिच्या स्क्रीनवर बाण एकाच दिशेला जातो, वर. गिऱ्हाईक कमी मागू शकतं हे त्या सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेत नाही, पण फोन ठेवताना मला पहिल्यांदा असं वाटलं की या व्यवहारात मी पण कोणीतरी आहे.

सर्कल, म्हणजे कंपन्यांचा विभाग, तोच असेल तर नंबर हलायला कामाचे तीन दिवस लागतात. एका रात्री जुनं सिम मेलं, नवीन घातलं, थोड्या वेळाने रेंजच्या कांड्या आल्या. व्हॉट्सअ‍ॅप होतं तसंच. यूपीआयने मात्र ओळख दाखवली नाही, नवीन सिम दिसलं की ती अ‍ॅप परत मेसेज पाठवून खात्री करून घेतात, बरोबरच आहे, पण सकाळी दूधवाल्यासमोर उभं राहून ते करायला नको, रात्रीच उरकून घ्यावं.

आता नेटवर्क कसं, सगळे हेच विचारतात. कॉल नीट लागतात. बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये लागत नाहीत, पण तिथे मला कोणाशी बोलायचं असतं? इंदिरानगरच्या बोगद्याजवळ गर्दीत अडकलं की नेट रांगतं. कसारा घाटातल्या बोगद्यांचं तर विचारूच नका, पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलेला अख्खा डबा कुठल्याही कंपनीचा असो, तिथे सगळे सारखेच हॅलो हॅलो करतात. खरी परीक्षा मिसळीच्या दुकानात होते. पैसे पाठवले, चक्र फिरतंय, मागे लाईन, काउंटरवरचा माणूस त्या बोलणाऱ्या डब्याकडे बघतोय आणि मी माझ्या फोनकडे, आणि डबा गप्प. तेवढे दहा-पंधरा सेकंद आपण फुकटे आहोत असं वाटतं खरं. म्हणून खिशात शंभराची एक नोट ठेवायला लागलोय.

कँटीनमधला एक जण म्हणाला, एवढं करून महिन्याला वाचले किती, दोन मिसळी? आणि वर एक्स्ट्रा पाव. अगदी बरोबर आहे त्याचं. हा माणूस स्वतः दर महिन्याला ४८ मेगापिक्सेलच्या फोनमधून पंधरा गुड मॉर्निंग पाठवण्यासाठी सगळ्यात वरचा प्लॅन मारतो, त्याला मी काही बोललो नाही. दोन मिसळी त्या दोन मिसळी, माझ्या आहेत.

आईचा नंबर मागोमाग हलवला, तिला फरक एवढाच की स्क्रीनवर वेगळं नाव येतं. नानांचं होणार नाही, नवीन प्लॅनमध्ये डेटा पूर्ण महिन्याचा एकत्र मिळतो, रोज रात्री संपवायचं काही उरतच नाही, मग त्यांनी जागायचं कशासाठी.

राहिली बायको. तिचं माहेर पेठकडे, आणि तिची अट एकच, तिकडे लागलं पाहिजे, नाहीतर अहो तुमची बचत तुमच्यापाशी. म्हणून मागच्या रविवारी गेलो तेव्हा माझाच फोन हातात धरून बसली होती गाडीत, कोटंबी घाटात रेंज गेली तेव्हा माझ्याकडे बघितलं, मी म्हणलं तुझी पण गेली असेल, बघ, तर तिची पण गेली होती. घरी पोचल्यावर मेहुणा म्हणाला दाजी, इथं घरात कुणाचाच फोन लागत नाही, सगळे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बोलतात. टाकीजवळ दोन्ही फोनला दोन दोन कांड्या. तिने दोन्हीवरून आपल्या बहिणीला लावून बघितला, दोन्ही लागले, दुसऱ्यांदा बहीण वैतागली. मग म्हणाली ठीक आहे, करा माझा पण, पण आत्ता नाही, माझ्या रिचार्जचे अजून १९ दिवस आहेत, भरलेले पैसे काय सोडून द्यायचे का?