सात फूट दोन इंच उंची आणि खेळायला मिळालेली मिनिटे

नेरूळमधल्या आमच्या सेक्टरच्या मैदानात सिमेंटचे बास्केटबॉल कोर्ट आहे. पावसाळा लागला की त्यावर शेवाळ धरते आणि साचलेल्या पाण्यात चेंडू उसळेनासा होतो, म्हणून माझा भाचा आणि मी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ड्रिबलिंगचा सराव करतो. भाचा सतरा वर्षांचा आहे, त्याची उंची ६ फूट ५ इंच आहे आणि त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे. गेल्या आठवड्यात सराव मध्येच थांबवून त्याने विचारले, "मामा, सतनाम सिंगला डॅलसने घेतलं ना, मग खेळवलं का नाही?" त्या वेळी मी जे उत्तर दिले ते मलाच अपुरे वाटले. तेव्हापासून हा प्रश्न मनातून गेलेला नाही.

सात फूट दोन इंच उंचीचा बास्केटबॉलपटू सतनाम सिंग भामरा पंजाबमधल्या बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या गावचा. त्याचे वडील बलबीर सिंग हे शेतकरी आणि तेही सात फुटांहून उंच. मुलगा लहान वयातच लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत दाखल झाला आणि २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजी जेमतेमच येत असताना परक्या देशात शाळा, सराव आणि वसतिगृह हे सारे एकदम सांभाळणाऱ्या त्या मुलाच्या धीराचे मला आजही फार कौतुक वाटते. २५ जून २०१५ रोजी ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा वार्षिक कार्यक्रम. त्यात डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याची ५२ व्या क्रमांकावर निवड केली. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तो तेव्हा १९ वर्षांचा होता आणि कॉलेजचे बास्केटबॉल तो खेळलाच नव्हता.

आपल्याकडच्या बातम्या इथेच थांबल्या आणि भाच्याचा प्रश्नही इथूनच निघतो. ड्राफ्टमध्ये ६० खेळाडू निवडले जात, पण हमीचा करार केवळ पहिल्या फेरीतल्या ३० जणांसाठी असतो. दुसऱ्या फेरीत निवड होणे म्हणजे संघाने त्या खेळाडूवर हक्क राखून ठेवणे. त्याला करारबद्ध करायचे की नाही, हे संघ पुढे ठरवतो. डॅलसने सतनामला उन्हाळी लीगमध्ये संधी दिली, पण मुख्य संघाचा करार दिला नाही, आणि तो टेक्सास लेजंड्स या संलग्न संघाकडून तेव्हाच्या डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये खेळू लागला. दोन पायऱ्यांमधले अंतर पैशांतही दिसत असे. २०१५-१६ मध्ये एनबीएतल्या नवख्या खेळाडूचे किमान वार्षिक मानधन सव्वापाच लाख डॉलर होते, तर डी-लीगमध्ये वरच्या श्रेणीतल्या खेळाडूलाही हंगामाचे सव्वीस हजार डॉलरच्या आसपास मिळत. पण सतनामला खरी चणचण भासली ती मैदानावरच्या मिनिटांची. लेजंड्सबरोबरच्या दोन हंगामांत तो बहुतेक काळ बेंचवरच बसून राहिला.

असे का झाले, याचे उत्तर मला ड्राफ्टच्याच महिन्यात झालेल्या एनबीएच्या अंतिम मालिकेत सापडते. ड्राफ्टच्या अवघे नऊ दिवस आधी, १६ जून २०१५ रोजी, गोल्डन स्टेट वॉरियर्सने एनबीएचे विजेतेपद मिळवले. त्या मालिकेच्या चौथ्या सामन्यापासून त्यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाच जणांतून बाहेर ठेवले, त्याच्या जागी आंद्रे इग्वोडालाला आणले आणि साडेसहा फुटांच्या आसपास उंची असलेल्या ड्रेमंड ग्रीनला सेंटर म्हणून, म्हणजे एरवी रिंगखाली उभ्या राहणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूच्या जागी खेळवले. पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले आणि इग्वोडाला अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्या उंचीमुळे सतनाम अमेरिकेत पोहोचला होता, त्या उंचीवाचून जिंकण्याची रीत त्याच महिन्यात प्रस्थापित होत होती. प्रतिस्पर्धी गार्ड, म्हणजे चेंडू हाताळत खेळ चालवणारा खेळाडू, सहकाऱ्याच्या आडोशाने (याला स्क्रीन म्हणतात) मोकळा होताच सेंटरने बाहेर धावत येऊन त्याला अडवायचे आणि क्षणात रिंगखाली परतायचे, ही त्या खेळाची मागणी होती. तिथे हातांची लांबी कमी आणि पावलांची चपळाई जास्त उपयोगी पडते. सतनामचे हात मऊ, म्हणजे चेंडू अलगद झेलणारे होते, त्याचा शॉटही चांगला होता, पण पावले जड होती, असे माझे त्याच्या खेळाविषयीचे मत आहे.

पावलांचे हे शिक्षण सामन्यांतूनच होते. चार वर्षे अमेरिकी कॉलेजात खेळलेला मुलगा व्यावसायिक होईपर्यंत शंभराहून अधिक स्पर्धात्मक सामने खेळलेला असतो. आपल्याकडच्या मुलाला वयोगटाची राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदा मिळते, तीही काही दिवसांत आटोपते. सतनामनंतर २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून त्याच पायरीवर पोहोचलेला अमज्योत सिंग आधी जपानमध्ये व्यावसायिक बास्केटबॉल खेळून आला होता, आणि रिंगजवळ आणि रिंगपासून लांब अशा दोन्हीकडे खेळणारा फॉरवर्ड होता. मला तो मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. सतनामचे पुढचे दिवस थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना वाईट वाटते: तो भारतीय संघात परतला, कॅनडाच्या लीगमध्ये एक हंगाम खेळला, २०२० च्या डिसेंबरमध्ये उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि नंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

भाच्याच्या बाबतीत जे घडले त्याचा माझ्या मनात राग साचला आहे, तो वेगळ्या कारणाने. दोन वर्षांपूर्वी एका निवड शिबिरात मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभे केले गेले. सर्वांत उंच म्हणून भाच्याला सांगण्यात आले की तू रिंगखाली उभा राहा, रिबाउंड घे, म्हणजे रिंगला लागून परतणारा चेंडू पकड, आणि चेंडू लगेच बुटक्या मुलाच्या हाती दे. तीन दिवसांत त्याला एकदाही ड्रिबल करत कोर्ट ओलांडू दिले नाही. तो निवडला गेला आणि घरी पेढेही वाटले गेले, पण त्या निवडीत त्याचे नुकसान होत आहे, हे मला तेव्हाच बहिणीला सांगायला हवे होते. पंधराव्या वर्षी साडेसहा फूट उंच दिसणाऱ्या मुलाला आपण सेंटर करून टाकतो, आणि व्यावसायिक स्तरावर गेल्यावर त्याच उंचीच्या माणसाने गार्डसारखे चेंडू हाताळावे अशी अपेक्षा असते.

भाचा अकरा वर्षांचा असताना, ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, मी त्याला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा सामना पाहायला नेले होते. सामन्याआधीच्या सरावात पावणेसात-सात फुटांचे खेळाडू दोन्ही हातांनी चेंडू खेळवत मैदानभर फिरत होते आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून सलग शॉट मारत होते. नेरूळला परततानाच्या लोकलमध्ये त्याने मला विचारले होते की ते इतके उंच असून रिंगखाली का उभे राहत नाहीत. तो प्रश्न तेव्हा मी हसण्यावारी नेला.

या रविवारी बहीण जेवायला येणार आहे. शिबिराची गोष्ट तिला त्या दिवशी सांगायचीच, असे मी ठरवले आहे. ऑक्टोबरमध्ये कोर्ट सुकले की भाच्याने जिल्ह्याच्या संघाऐवजी इथल्या मोठ्या मुलांच्या रोजच्या संध्याकाळच्या सामन्यांत, तेही गार्ड म्हणून खेळावे, असे मला वाटते. सुरुवातीला त्याच्या हातून चेंडू बराच सुटेल आणि तो हरेलही, याची त्याला कल्पना दिली आहे. तोवर पार्किंगमध्ये डाव्या हाताचे ड्रिबलिंग चालू आहे आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी रात्री नऊपर्यंतच्या आवाजाला परवानगी दिली आहे.