तारेचं कुंपण गेलं, छत्र्या आल्या: आल्बेनियाच्या किनाऱ्याचा हिशेब

आल्बेनियात सेमान नावाचा किनारा आहे. समुद्र जमिनीत किती शिरला हे तिथे मोजपट्टीशिवाय कळतं, कारण साम्यवादी हुकूमशहा एन्व्हेर होजाच्या काळात कोरड्या वाळूवर ओतलेले काँक्रीटचे बंकर आता लाटांत उभे आहेत. नदीचं मुख सरकलं, वरच्या अंगाला धरणं झाली, पात्रातली वाळू-खडी उपसली गेली. गाळ येणं घटलं आणि किनारा खचत गेला. हा देश पर्यटनावर भिस्त ठेवतोय तो अशा किनाऱ्याच्या जोरावर, त्यामुळे नुसते फोटो बघून मत बनवू नये.

होजाने 1944 पासून 1985 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सत्ता चालवली आणि देश बंद ठेवला. दक्षिण टोकाच्या कसामिल गावापासून ग्रीसचं कोर्फू बेट जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. पोहून पळणाऱ्यांना अडवायला किनाऱ्यावर पहारे आणि शोधदिवे असत. दक्षिणेचा किनारा कोरा राहिला तो असा, बंदुकीच्या धाकाने. लुकोवाच्या डोंगरउतारावर तरुणांच्या तुकड्यांनी खोदलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या ऑलिव्ह आणि लिंबूवर्गीय बागा आजही दिसतात. तेव्हाच्या योजनेत किनारा म्हणजे शेती आणि सीमा, एवढंच होतं.

खरा घोळ नंतर झाला. 1991 च्या 7501 क्रमांकाच्या कायद्याने सहकारी शेतांची जमीन ती कसणाऱ्या कुटुंबांना माणशी वाटली. 1993 च्या दुसऱ्या कायद्याने साम्यवादाआधीच्या मालकांना जमीन किंवा भरपाई मागायचा हक्क दिला. आपल्याकडे कोकणात सामाईक सातबाऱ्यावर चुलत्यांच्या नावांची माळ असते, पण निदान उतारा एक असतो. इथे एकाच तुकड्यावर दोन कायद्यांचे दोन दावेदार उभे राहिले. शेतीच्या जमिनीवर हे भांडण कसंबसं निभलं, पण समुद्रकाठी भाव चढले आणि ते चिघळलं.

निर्विवाद कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. मग ग्रीस-इटलीत राबून आणलेल्या रोख पैशांवर घर उभं राहतं, एका हंगामात एक मजला. पुढच्या मजल्यासाठी सळया गच्चीवर तशाच उभ्या. दृष्ट लागू नये म्हणून त्यांना जुनं टेडी लटकवतात, आपल्या काळ्या बाहुलीचं सख्खं भावंड. परवाना नसतो, म्हणून गटाराची जोडणीही मिळत नाही. घरामागे खड्डा खणतात आणि काम भागतं. दक्षिणेला जमिनीखाली चुनखडी आहे, तिच्या भेगांतून सांडपाणी झिरपतं. दुर्रेसजवळच्या गोलेममध्ये वाळू आहे, भूजल वर आहे. खड्डे नेमके ऑगस्टमध्ये भरतात, कारण चार महिन्यांची गर्दी तेव्हा एका महिन्यात उसळते.

2006 मध्ये बेकायदा बांधकामं नियमित करायचा कायदा आला. घर वाचलं, पण संदेश असा गेला की आधी बांधा, कागद मागाहून होतो. कसामिलमध्ये 2010 साली सरकारने उलट टोक गाठलं. बेकायदा इमारती पाडून कलंडवल्या आणि राडारोडा न उचलताच माणसं परतली. तिरके पडलेले स्लॅब पुढे कितीतरी वर्षं पर्यटकांच्या फोटोंत येत राहिले. 26 नोव्हेंबर 2019 च्या 6.4 रिश्टरच्या भूकंपात 51 माणसं गेली. त्यानंतर परवान्याशिवाय चढवलेल्या मजल्यांची चौकशी झाली, ती आधी व्हायला हवी होती.

म्हणून ‘मोठे गुंतवणूकदार किनारा गिळतात, छोटे लोक जपतात’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. कसामिल छोट्यांनीच गिळलं. मोठ्यांचा धोका निराळा आहे. चार-पाच तारांकित ब्रँडेड हॉटेलाला नफ्यावरच्या करात दहा वर्षं माफी देऊ केली आणि निवासावर 20 ऐवजी 6 टक्के व्हॅट लागतो. संरक्षित क्षेत्रांच्या कायद्यातल्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने तिथेही पंचतारांकित हॉटेलाला वाट मोकळी झाली. त्यानंतर डोनाल्ड ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर यांच्या कंपनीची साझान बेटाची आणि झ्वेर्नेत्स किनाऱ्याची हॉटेल योजना पुढे आली. साझान हे जुनं लष्करी बेट आहे, तिथे एक हॉटेल आलं तर आम्ही तरी छाती पिटणार नाही. झ्वेर्नेत्सचं मात्र तसं नाही. शेजारी नार्ताचं खारं सरोवर आहे, तिथे रोहित आणि झुट्टेदार पेलिकन उतरतात, आणि त्याच परिसरात व्लोराचा नवा विमानतळ बांधायला घेतलाय. युरोपातले वन्यजीव जपण्याच्या बर्न कराराच्या समितीने विमानतळाचं काम थांबवायची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. पडकं हॉटेल पुन्हा बांधता येतं, सरोवर बुजवलं की गेलं. आमचा कौल यावर ठरतो.

पाण्याचा प्रश्न जाहिरातीत कधी येत नाही. दक्षिणेच्या हिमारा किनाऱ्याला पाणी द्यायला डोंगरापलीकडच्या शुशिका नदीच्या झऱ्यांवरून पाइपलाइन टाकायला घेतली. ही नदी व्योसाला मिळते आणि व्योसा मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाली. खोऱ्यातले शेतकरी विचारतात, उन्हाळ्यात आमच्या मक्याला काय उरणार? हॉटेलांची मागणी आणि नदीची ओहोटी एकाच महिन्यात येते, त्यामुळे वर्षभराची सरासरी दाखवून त्यांची समजूत निघत नाही.

देशाची लोकसंख्या 2023 च्या जनगणनेत 24 लाख भरली, आणि 2024 मध्ये परदेशी आगमनं 1 कोटी 17 लाख नोंदली गेली. आकडा डोळे दिपवतो, पण तो सीमा ओलांडण्याचा आहे. कोसोव्होहून येणारे नातलग आणि कोर्फूहून फेरीने दिवसभरासाठी येणारे त्यात मोजले जातात. रात्री किती मुक्काम झाले हा आकडा मागावा. रोजगाराचीही तीच तऱ्हा: गावचे तरुण जर्मनी-इटलीला गेलेले, म्हणून हॉटेलांत फिलिपिन्स, नेपाळ, बांगलादेश आणि भारतातून आलेली माणसं दिसतात. फायदा होतोच. लोगाराचा सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा 2024 मध्ये खुला झाला आणि अर्ध्या तासाचा घाट काही मिनिटांवर आला. त्याने आजारी माणूसही शहरात लवकर पोचतो, हे विसरू नये.

इथे यायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर धरा. आल्बेनिया शेंगेनमध्ये नाही, व्हिसाचे नियम वेगळे तपासा. किंमत ऐकून घाबरू नका: 1965 मध्ये लेक या इथल्या चलनातलं एक शून्य कापलं, तरी लोक अजून जुन्या लेकमध्ये बोलतात. ‘दहा हजार’ म्हणजे बहुधा नोटेवरचे हजार, पण पैसे देण्याआधी ‘नवे की जुने’ विचारून घ्या. किनारा कायद्याने सार्वजनिक आहे, भाडं छत्री-खुर्चीचं असतं. छत्र्या भाड्याने देणाऱ्या कुणी चटई पसरायला मनाई केली तर खुर्च्या नसलेला पट्टा शोधा, वाद घालण्यात दुपार जाते. पाऊस पडल्यावर ओढ्याच्या मुखाजवळ दोन दिवस पोहू नका, वर काय झिरपलंय ते तेव्हाच खाली येतं.

फ्लॅट घ्यायचा मोह झालाच, तर परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो. मालकीचा ताजा उतारा, बांधकाम परवाना आणि वापर परवाना असे तीन कागद मागा आणि नोटरीकडे जाण्याआधी ते स्वतःच्या वकिलाकडून कॅडस्टर, म्हणजे जमीन नोंदणीच्या, कचेरीत तपासून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. आणि एकदा मागच्या अंगणात जाऊन सांडपाण्याचा पाइप कुठे जातो ते बघा.